सतरा अंकी डोंगर

(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



या मंडपात व्याख्यानाला दरवर्षी कुणी डॉक्टर येतात, कुणी प्राध्यापक येतात. यंदा कार्यकारिणीने मला उभं केलं. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, राज्य सरकारच्या एका खात्यात मोजमापं घेणारा माणूस. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला मंडपाच्या दोऱ्या बांधताना नाहीतर प्रसादाच्या रांगेतच पाहिलं असेल. मी कार्यवाहांना विचारलं, "विषय काय घेऊ?" ते म्हणाले, "तुला काय येतं?" म्हटलं, "आकडे." ते म्हणाले, "मग आकड्यांवर बोल. फक्त मंडळाच्या हिशेबावर बोलू नकोस."

तर आज एकाच संख्येवर बोलतो. मागे फळ्यावर लिहून ठेवली आहे.

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंक आहेत. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, सारखीच. एकपासून चढत नऊपर्यंत जायचं आणि त्याच पायऱ्यांनी खाली उतरायचं. आमच्या घरी हिला डोंगर म्हणतात.

आधी ही वाचता येते का बघू. मगाशी एका मुलाने सांगितलं, "बारा हजार तीनशे... आणि पुढे माहीत नाही." बरोबर आहे, आपल्या रोजच्या व्यवहारात कोटीच्या पुढे कुणी जात नाही. कोटीनेच वाचायची तर अशी वाचावी लागते: एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव इतके कोटी, आणि वर शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. म्हणजे कोटीचेही कोटी झाले.

पण आपल्याकडे जुनी नावं होती. भास्कराचार्यांनी लीलावतीत स्थानांची नावं दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. अठरा स्थानं आहेत. आपला डोंगर सतरा अंकी, म्हणजे त्याचा डावीकडचा पहिला एक 'मध्य' या स्थानावर आणि शिखरावरचा नऊ 'अर्बुद' या स्थानावर. लीलावती ११५० सालच्या सुमाराची. इथे खानदेशातून आलेली पुष्कळ घरं आहेत, त्यांच्यासाठी सांगतो: चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी तिथे मठ काढला, असं त्यात कोरलेलं आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला आपण जातो, तेव्हा हेही लक्षात असू द्या.

आता ही संख्या आली कुठून? अगदी साध्या गुणाकारातून. मुलांनो, वहीत लिहा.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असं करत नऊ वेळा एक लिहिला, म्हणजे १११११११११ घेतला आणि त्याला त्यानेच गुणलं की फळ्यावरचा डोंगर तयार होतो.

माझी मुलगी नववीत आहे. तिला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "छान आहे बाबा. पण असं का होतं?" मी वीस वर्षं आकड्यांत काढली, आणि मला चटकन सांगता आलं नाही. मग आम्ही दोघांनी शाळेत करतात तसा उभा गुणाकार मांडला.

  १११
 १११०
१११००
------
१२३२१

बघा, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. म्हणून उजव्या टोकाच्या रकान्यात एकच एक येतो, पुढच्यात दोन एक, मधल्यात तीन, मग परत दोन आणि शेवटी एक. रकान्यात जितके एक, तितकीच बेरीज. नऊ एकांचा गुणाकार मांडला तर मधला रकाना नऊ एकांचा होतो. सगळं उत्तर नुसतं मोजून लिहिता येतं, कारण कुठेच हातचा घ्यावा लागत नाही.

हातचा. आपल्या गुजराती शाळेतल्या मुलांना 'वद्दी' म्हटलं की लगेच कळेल. आजच्या बोलण्यात हा शब्द पुन्हा येणार आहे.

हातचा आला की काय होतं? दहा एक घ्या. ११११११११११ गुणिले तोच. आता मधल्या रकान्यात दहा एक जमतात. शून्य लिहायचा, हातचा एक. शेजारच्या रकान्यात नऊ आणि हातचा एक, पुन्हा दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या शेजारी आठ होते, ते नऊ झाले. उत्तर येतं:

१२३४५६७९००९८७६५४३२१

शिखर कोसळलं. मध्ये दोन शून्यांचा खड्डा पडला आणि डाव्या उतारावरचा आठ नाहीसा झाला. म्हणजे डोंगर नवाव्या पायरीपर्यंतच उभा राहतो. दहाव्याला हातचा त्याला पाडतो.

या डोंगरांवर प्रेम करणारा एक माणूस आपल्यातलाच होता. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. आपण मुंबईला जाताना डहाणू रोड स्टेशन लागतं ना, त्या डहाणूला १७ जानेवारी १९०५ रोजी त्यांचा जन्म झाला. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनला. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर राहिले. त्यांच्या नावापुढे एम.ए. नव्हतं, डॉक्टरेट नव्हती.

कापरेकर मास्तर संख्यांना नावं देत. आपण घरातल्या मांजराला नाव देतो तशी. आपल्या डोंगराच्या जातीला त्यांनी 'डेम्लो संख्या' म्हटलं. हे नाव आलं एका रेल्वे स्थानकावरून, जुन्या जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर असलेल्या स्थानकावरून. ते म्हणजे आजचं डोंबिवली. या संख्यांचा विचार त्यांना तिथे सुचला होता. १२१, १२३२१ या सुंदर संख्यांवरचा त्यांचा लेख 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात १९३८ साली आला. डोंबिवलीच्या फलाटावर आज उभं राहायला जागा मिळत नाही, आणि त्याच ठिकाणी एका मास्तरांना हा डोंगर दिसला होता.

आता माझ्या धंद्याकडे येतो, म्हणजे ताळ्याकडे.

माझे वडील, आप्पा, नंदुरबारकडून सुरतेला आले आणि लूमवर लागले. शाळा चौथीपर्यंत, पण बेरीज-गुणाकार केला की नवाचा ताळा घेतल्याशिवाय वही मिटत नसत. नवीन मुलांना माहीत नसेल, म्हणून सांगतो. संख्येतल्या अंकांची बेरीज करायची, एक अंक उरेपर्यंत करत राहायचं. बेरजेला घेतलेल्या संख्यांचे असे अंक काढायचे, उत्तराचा काढायचा, आणि दोन्ही जुळतात का बघायचं. जुळले नाहीत तर चूक आहेच.

हा ताळा नवाचाच का? हातच्यामुळे. हातचा घेताना आपण एका रकान्यातून दहा काढतो आणि शेजारी एक ठेवतो. दहा गेले, एक आला, अंकांच्या बेरजेतून नऊ कमी झाले. प्रत्येक हातच्याला नऊच, आठ नाही की दहा नाही. म्हणून नऊ टाकून दिले की हिशेब जुळतोच. आपल्या डोंगरावर करून बघा. नऊ एकांची बेरीज नऊ, आणि नऊ गुणिले नऊ एक्याऐंशी. डोंगराच्या अंकांची बेरीज करा: एक ते आठ छत्तीस, दोन्ही बाजूंचे मिळून बहात्तर, वर शिखराचे नऊ. एक्याऐंशी. हातचा नव्हता, म्हणून काही हरवलं नाही. आणि कोसळलेला दहावा? दहा गुणिले दहा शंभर यायला हवे होते. त्याच्या अंकांची बेरीज येते ब्याऐंशी. दोन हातचे घेतले, अठरा हरवले.

आप्पांचा हा ताळा घेऊन मी नोकरीत शिरलो. आणि त्यानेच मला पाडलं.

सतरा-अठरा वर्षं झाली. कालव्याच्या मातीकामाची मोजमापं होती. आमच्याकडे मोजमाप पुस्तक असतं, त्याला आम्ही एम.बी. म्हणतो. पानापानाची बेरीज करून एकूण आलं ४५७२ घनमीटर. ते बिलावर उतरवताना मी लिहिलं ४७५२. पाच आणि सात यांनी जागा बदलल्या. मी सवयीने ताळा घेतला. चार, पाच, सात, दोन: अठरा, म्हणजे नऊ. बिलावरचे चार, सात, पाच, दोन: अठरा, म्हणजे नऊ. जुळलं. सही केली.

एकशे ऐंशी घनमीटर जास्त. एकशे ऐंशी म्हणजे नऊ विसा. दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नवाच्या पटीतच येतो, आणि नवाच्या पटीतली चूक नवाच्या ताळ्याला दिसतच नाही. काही महिन्यांनी ऑडिटमध्ये ते सापडलं. जादा दिलेली रक्कम ठेकेदाराच्या पुढच्या बिलातून वसूल झाली, पण मला खुलासा द्यावा लागला आणि एक वेतनवाढ थांबली. चूक माझीच होती. पैशांपेक्षा झोंबलं ते वेगळंच. खात्यात दोन-तीन जण म्हणाले, "डिप्लोमावाल्यांचं असंच असतं." त्या रात्री मी आप्पांना म्हटलं, "तुमच्या ताळ्याने दगा दिला." आप्पा शांतपणे म्हणाले, "ताळा जुळला नाही तर चूक आहे. जुळला म्हणजे चूक नाही, असं मी तुला कधी सांगितलं?"

आप्पांचं ते वाक्य मला डिप्लोमाच्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून मी अंकांची बेरीज करून थांबत नाही. आकडा मोठ्याने वाचतो आणि शेजारच्याला त्याच्या कागदावर बघायला सांगतो.

याच चुकीमुळे पुढे मला कापरेकर मास्तर जवळचे वाटले. त्यांचा ६१७४ तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. कुठलेही चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतोच आणि मग तिथून हलत नाही.

मी एके दिवशी माझा चुकलेला आकडा घेऊन बसलो. ७५४२ वजा २४५७, ५०८५. त्याचे ८५५० वजा ०५५८, ७९९२. मग ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, आणि सातव्या वेळी ६१७४. बरोबर ४५७२ घ्या की चुकीचा ४७५२, अंक तेच असल्यामुळे वाट तीच आणि मुक्काम तोच. मला हसू आलं. ज्या अदलाबदलीने माझी वेतनवाढ गेली, तिचं मास्तरांच्या दारात कुणाला काही देणंघेणंच नव्हतं. बिलात अंकाची जागा महत्त्वाची, तिथे नुसते अंक महत्त्वाचे. आपण कुठला प्रश्न विचारतो आहोत हे आधी कळलं पाहिजे.

आता डोंगराचं अजून एक गुपित. मास्तरांनी आणखी एका जातीला नाव दिलं: हर्षद संख्या. हर्ष देणारी ती हर्षद. जिच्या अंकांच्या बेरजेने तिलाच पूर्ण भाग जातो, ती. आपला जपमाळेचा १०८ घ्या. एक, शून्य, आठ, बेरीज नऊ, आणि नवाने १०८ ला बारा वेळा भाग जातो. १०८ हर्षद आहे.

मुलीने विचारलं, "मग आपला डोंगर हर्षद आहे का?" अंकांची बेरीज एक्याऐंशी. सतरा अंकी संख्येला एक्याऐंशीने भागायचं! ती भागाकार करत बसली, मी दुसरीकडून विचार करत बसलो. १११११११११ मध्ये नऊ एक आहेत, अंकांची बेरीज नऊ, म्हणजे त्याला नवाने भाग जातो. जातो तोही छान: १२३४५६७९. यात आठ नाही, बरं का. मग डोंगर म्हणजे नऊ गुणिले १२३४५६७९, आणि पुन्हा नऊ गुणिले १२३४५६७९. दोन नऊ एकत्र आले की एक्याऐंशी. भाग जातो. तेवढ्यात तिचाही भागाकार संपला. उत्तर १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. डोंगर हर्षद आहे.

मग ती थांबेना. तिने नऊही डोंगर तपासले. १२१ नाही, कारण बेरीज चार आणि १२१ विषम. १२३२१ आहे, बेरीज नऊ. चार, सहा आणि आठ एकांचे डोंगर नाहीत, बेरीज सम आणि संख्या विषम. पाच एकांच्या डोंगराची बेरीज पंचवीस, पण संख्या एकवीसमध्ये संपते. सात एकांच्या डोंगराला एकोणपन्नासने भाग जात नाही. निकाल लागला: पहिला, तिसरा आणि नववा. नऊ जणांत हर्षद तिघेच.

हे कुठल्या पुस्तकात आधी आलं असेल, असणारच. पण आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते त्या रात्री पहिल्यांदाच सापडलं. आदल्या महिन्यातच ती आईला म्हणाली होती, "गणित माझ्यासाठी नाही." चाचणीत मार्क कमी पडले होते. त्या रात्री साडेअकराला तिला झोपायला पाठवावं लागलं. पुढच्या चाचणीत तिला किती मिळतील ते मी सांगू शकत नाही. पण 'का' विचारलं की कागदावर उत्तर सापडतं, हे तिने स्वतः पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी हौसेने मी कचेरीत एक्सेलमध्ये हीच संख्या टाकली. पडद्यावर आलं:

१२३४५६७८९८७६५४३००

एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच नेमकं धरतं, पुढे शून्य भरतं. किती गेले? बरोबर एकवीस. म्हणजे बाप्पाचे एकवीस मोदक संगणकाने गट्टम केले आणि वर काही सांगितलंही नाही. मी संगणकाच्या विरोधात नाही. रोज त्यावरच काम करतो. पण ज्याने हाताने गुणाकार केला आहे, त्यालाच कळतं की शेवटी एकवीस हवेत. नाहीतर आपण तीनशेवर सही करून मोकळे होतो.

कापरेकर मास्तरांची गोष्ट पूर्ण करतो. ते स्वतःच्या खर्चाने परिषदांना जात, स्वतःच्या खर्चाने छोट्या पुस्तिका छापत. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी त्यांना हसण्यावारी नेलं. हे पोरखेळ आहेत, असं म्हटलं. निवृत्तीनंतर पेन्शन पुरत नव्हती, शिकवण्या कराव्या लागत. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये ते गेले. आज जगात कुठेही या संख्यांवर बोलायचं तर कापरेकर, हर्षद आणि डेम्लो हे शब्द उच्चारावे लागतात. म्हणजे एक डहाणूचं आडनाव, एक संस्कृत शब्द आणि एक डोंबिवलीचं स्टेशन.

सुरतेत आपल्या तीन-तीन पिढ्या झाल्या. मुलं पाढ्यांना घडिया म्हणतात, त्याला माझी हरकत नाही. एकोणसत्तर म्हटलं की विचारात पडतात, त्यालाही फार हरकत नाही. बेरीज म्हणा, सरवाळो म्हणा, आकडा तोच राहतो. पण घरातल्या मुलाने "असं का?" विचारलं, तर "परीक्षेत येणार नाही, सोड" असं म्हणू नका. एक कागद घ्या आणि त्याच्याबरोबर बसा. तुम्हाला उत्तर येत नसेल तर उत्तमच. दोघं मिळून शोधाल. आणि सापडलं की आप्पांचं वाक्य आठवा: जुळलं म्हणून थांबू नका, पुन्हा एकदा बघा.

बालगोपाळांना घरचा अभ्यास. १२३४५६७९ ला नवाने गुणा, मग अठराने, मग सत्तावीसने. काय दिसतं आणि का दिसतं, ते उद्याच्या आरतीनंतर मला सांगायचं. बरोबर 'का' सांगणाऱ्याला माझ्याकडून एक मोदक जास्त. हातचा मोदक म्हणा.

गणपती बाप्पा मोरया!